शरदातील मरळ

दसरा सरला की माकणीचे पाणी हळूहळू निवळू लागते. लोहारा तालुक्यातील निम्न तेरणा प्रकल्पाचा हा जलाशय. मोठी मरळ हवी असेल, तर खोल पाण्याकडे पाहू नका. पाणवनस्पतींच्या कडेला, बुडालेल्या झुडपांपाशी, कमरेइतक्या पाण्यात ती बेडकासाठी दबा धरून असते. ती हवेतूनही श्वास घेते, म्हणून मधूनच वर येते. तेथे उठलेले वलय रुंद आणि संथ असेल, तर मासाही बहुधा मोठाच. गळ वलयापलीकडे टाकून आमिष सावकाश ओढत आणावे. ऊन चढले, की ती वनस्पतींखाली आणि आपण सावलीत!

लालसर पिलांचा थवा दिसला, तर मात्र गळ आवरावा. राखण करणारा मोठा मासा गेला, की पिले इतरांच्या तोंडी जातात. जलाशयातील मासेमारीचा ठेका सहसा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. तिची परवानगी आधी घ्यावी.

तीन वर्षांपूर्वी येथेच गळ माझ्या अंगठ्यात रुतला. त्याला उलटा दात असतो, हे रुग्णांना बजावणाऱ्या मी तो हिसका देऊन उपटला. पंधरा दिवस जखम चिघळली. तुम्ही तसे करू नका. दोरी कापावी, गळ हलू न देता दवाखाना गाठावा आणि धनुर्वाताच्या लसीविषयी विचारावे. डोळ्याजवळ रुतल्यास तर हातही लावू नये.

त्या दिवशीची मरळ निसटली. पुढच्या वर्षी मिळालेली आईने कालवणात शिजवली; बारीक काटे कमी, म्हणून नातवानेही निर्धास्त खाल्ली.