मामंजींची कुरिंजी

लहान मुलांना घेऊन डोंगरात जावे, असा सल्ला देणाऱ्या माणसाला एक तर मुले नसतात, किंवा असली तर ती त्याने पत्नीवर सोपवलेली असतात. 2023 च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुन्नारला निघालो, तेव्हा माझ्या पिशवीत आवळासुपारी, अर्धा डझन लिंबे, चार जादा सदरे आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. एर्नाकुलमहून घाट चढून होईपर्यंत त्यांतले एक लिंबू तेवढे उरले. बंड्या आठ वर्षांचा आणि छकुली पाचाची. पण मोटार लागण्यात दोघांनी वयाचा भेद म्हणून ठेवला नाही. पुढच्या जागेवर शहात्तर वर्षांचे मामंजी मात्र ताठ बसून चहाचे मळे न्याहाळीत होते.

सहल खरे म्हणजे त्यांचीच. मामंजींचे बालपण पाटणकडच्या डोंगरात गेले. घराचा कूड कारवीचा. ती कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेले. मुन्नारच्या डोंगरात तिची एक चुलत बहीण आहे, नीलकुरिंजी. ती बारा वर्षांनी एकदाच फुलते, असे त्यांच्या वाचनात आले आणि तेव्हापासून त्यांनी ध्यास घेतला. 2006 साली ती फुलली, तेव्हा निवृत्तीला एकच वर्ष उरले होते आणि साहेबांनी रजा नामंजूर केली. 2018 साली मामंजी आणि सासूबाई दोघांची तिकिटे काढून झाली, तर ऑगस्टातल्या महापुराने सारे केरळ पाण्याखाली गेले. सासूबाई 2021 साली गेल्या.

“अण्णा, आता फुलणार 2030 साली. मग आत्ता जाऊन काय पाहायचे?” ह्यांनी विचारले.

“झाड,” मामंजी म्हणाले.

मुन्नारजवळच्या इरविकुलम राष्ट्रीय उद्यानात आपली मोटार खालीच ठेवावी लागते. वनखात्याची बस राजमलापर्यंत नेते आणि पुढे पायवाट. उद्यान तसे आटोपशीर, 97 चौरस किलोमीटरचे. 1978 साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. इथला आनमुडी हा हिमालयाच्या दक्षिणेला सर्वांत उंच डोंगर, 2695 मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईहून हजार मीटरने अधिक. नावात ‘आन’ म्हणजे हत्ती आहे असे कळल्यावर बंड्या हत्तीच शोधू लागला. हत्ती दिसेना आणि धुक्यात डोंगरही दिसेना, तेव्हा त्याने तिकिटाचे पैसे परत मागावेत असे सुचवले.

तेवढ्यात वाटेच्या कडेला वरैआडू आले! वरैआडू म्हणजे कड्यावरची शेळी. मागे वळलेली आखूड शिंगे, भरीव अंग आणि माणसांची पर्वा अजिबात नाही. जगात ती सर्वांत जास्त संख्येने इथेच उरली आहेत. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास त्यांच्या बाळंतपणासाठी हे उद्यान बंद ठेवतात, हे ऐकून मला त्या आयांचा हेवा वाटला. आमच्याकडे बाळंतिणीची खोलीसुद्धा कधी पाहुण्यांना बंद नव्हती.

पुढे वनखात्याच्या एका रक्षकाला मामंजींनी खुणांनी आणि मोडक्या हिंदीत विचारले. त्याने उतारावरच्या झुडपांकडे बोट दाखवले. हिरवी, साधी, कोणी वळूनही पाहणार नाही अशी. फुलून झाल्यावर झाड मरते, त्याच्या बियांतून नवी रोपे उगवतात आणि ती पुढचा फुलोरा येईपर्यंत नुसती वाढत राहतात. ही 2018 च्या फुलांची रोपे, असे तो म्हणाला.

“म्हणजे माझ्याच वर्षाची!” छकुली ओरडली. वाटेलगतच्या एका झुडपाशेजारी ती ताठ उभी राहिली. झुडूप तिच्या कमरेपर्यंतही पोचले नाही, तेव्हा तिला फार आनंद झाला.

मामंजी कठड्याला हात टेकून बराच वेळ उभे होते. सासूबाईंचे काही बोलतील असे मला वाटले. मी मुलांना जरा लांब नेले. परत आले तेव्हा ते म्हणाले, “पान कारवीपेक्षा लहान आहे हो.”

बंड्याचे गणित एव्हाना जमले होते. “आजोबा, 2030 साली मी पंधरा, छकुली बारा आणि तुम्ही त्र्याऐंशी. तुम्ही याल ना?”

मला त्याला गप्प करावेसे वाटले. हे उगाच छायाचित्र घेऊ लागले.

“गुडघ्यांना विचारून सांगतो,” मामंजी म्हणाले. “ते नाही म्हणाले, तर तू ये. छकुलीला घाटात पुढे बसव म्हणजे तिला मोटार लागणार नाही.”

पाऊस भुरभुरू लागला तसे आम्ही वळलो. बसमध्ये खिडकीच्या जागेवरून दोघांची जुंपली. येताना बंड्या बसला होता, तेव्हा आता छकुली, असा निवाडा मामंजींनी दिला आणि ते स्वतः पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसले.