अंगणाच्या दरजा

घर बांधताना सगळ्यांचा जीव स्वयंपाकघराच्या ओट्यात आणि देवघराच्या कोनाड्यात अडकलेला असतो. अंगण सगळ्यात शेवटी येतं. तोवर पैसे संपलेले, गवंडी कंटाळलेले आणि वास्तुशांतीच्या पत्रिकाही वाटून झालेल्या. मग उरलेल्या वाळूवर उरलेल्या फरश्या टाकून मोकळं व्हायचं. पुढची चाळीस वर्षं ते अंगण कोण झाडणार, कोण धुणार, कुरडया कुठे वाळणार, हे त्या घाईत कोणी विचारत नाही. विचारायचं झालं तर घरातल्या बायकांनाच विचारावं लागेल ना!

आमचं अंगण १२ फूट रुंद आणि १८ फूट लांब. सासऱ्यांनी १९८४ साली घर बांधलं, तेव्हाच्या २ फूट बाय २ फुटांच्या शहाबादी फरश्या. आमच्या बार्शीकडे ही फरशी घरोघर दिसते, कारण शहाबाद काही लांब नाही. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं, कलबुर्गी जिल्ह्यातलं ते गाव. दगड मात्र खरा टिकाऊ! इतक्या वर्षांत एकही फरशी झिजून वाया गेली नाही. गेल्या त्या दरजा. दोन फरश्यांमधल्या सांध्याला गवंडी दरज म्हणतात. कुठे पाव इंच, कुठे पाऊण इंच, अशा त्या उघड्या पडल्या होत्या. त्यांत हरळी उगवायची, मुंग्या वारूळ करायच्या, आणि पावसाचं पाणी आत शिरून कोठीच्या भिंतीला खालून ओल यायची.

ही सगळी कुरकुर मी निमूटपणे चालवून घेतली असती. पण २०२३च्या श्रावणात सासूबाई तुळशीला पाणी घालायला गेल्या आणि त्यांच्या काठीचं टोक फटीत रुतलं. वृंदावनाचा कठडा हाती लागला म्हणून पडल्या नाहीत. पण वय ७६, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी मनाशी काय ठरवलं कोण जाणे, दुसऱ्या दिवसापासून उंबऱ्याच्या आतूनच तुळशीला हात जोडायला लागल्या. "अगं, पाणी तूच घाल" म्हणाल्या. ज्या बाईने चाळीस वर्षं त्या अंगणात सडा घातला, रांगोळी काढली, तिचं जग उंबऱ्याशी येऊन थांबलं. मला ते बघवेना.

दरजा यापूर्वीही दोनदा भरून झाल्या होत्या. दोन्ही वेळा गवंड्यांनी सिमेंटचं पातळ दूध फटींत ओतलं, वरून पोतं फिरवलं आणि दोन तासांत मजुरी घेऊन गेले. पुढचा उन्हाळा येईपर्यंत त्याचे पापुद्रे झाडूबरोबर निघायला लागले. आमचे हे म्हणाले, "सिमेंटच खराब असणार. या वेळी चांगल्या कंपनीचं आणू." पण सिमेंट बिचारं काय करणार? खालची जमीन कोणती, ते कोणी पाहिलंच नव्हतं.

मी आठवड्यातून चार दिवस शाळेत भूगोल शिकवते. काळी कसदार जमीन, म्हणजेच रेगूर, पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. आमचं घर त्याच जमिनीवर उभं आहे. फरशीखाली थोडासा मुरूम, आणि त्याखाली ही माती. म्हणजे पावसाळ्यात फरश्या केसभर वर येणार, वैशाखात केसभर खाली बसणार. नुसतं सिमेंट वाळताना आधीच आकसतं, त्यात ते दगडासारखं कडक. ते हलणाऱ्या फरश्यांना कसं धरून ठेवणार? ते तडकतं, आणि तडकलं नाही तर फरशीची कड फोडतं. दगडापेक्षा दरज थोडी मऊ हवी. काही फुटायचंच असेल तर ते दरजेत फुटावं. ती पुन्हा भरता येते, फरशी नाही. मैत्रिणींनो, तुमच्याकडे दरजा भरायच्या असतील तर दुकानात जाण्याआधी पहारीने एक फरशी उचलून खाली काय आहे ते बघा. खाली पक्कं काँक्रीट असेल तर तुमचा प्रश्न सोपा आहे. १ भाग सिमेंट आणि ३ ते ४ भाग वाळू, एवढ्यावर काम भागतं.

आमचं तसं नव्हतं, म्हणून मी दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानदाराने एपॉक्सी दाखवलं. दोन डब्यांतला माल एकत्र कालवायचा की घट्ट होतो, पाणी अजिबात शिरू देत नाही. न्हाणीघराच्या टाइल्सना उत्तम. पण उन्हात ते पिवळं पडतं आणि किमतीने आपण! दुसऱ्याकडे पॉलिमर मिसळलेली वाळू होती. ती कोरडीच फटींत झाडायची, वरून बारीक फवारा मारला की धरते. मला ती आवडली, खोटं कशाला बोलू? पण फरशी आणि फट ठणठणीत कोरडी लागते, आणि पाणी मारण्याआधी वरची भुकटी नीट झाडली नाही तर दगडावर पांढरट थर कायमचा बसतो. आमच्या खडबडीत शहाबादीवरून कणन् कण झाडायचा म्हणजे दिवाळीची साफसफाई परवडली. ह्यांचं मत होतं की सगळं उखडून पेव्हर ब्लॉक बसवावेत. त्यांच्यात नुसती बारीक कोरडी वाळू भरतात आणि ते योग्यच आहे, कारण त्यांच्या फटी जेमतेम २ ते ४ मिलिमीटरच्या असतात. तेवढ्यात वाळू गच्च बसते आणि ब्लॉक एकमेकांना धरून राहतात. (त्यांच्यात कोणी सिमेंट भरायला निघालं तर हात धरा.) आमच्या पाऊण इंची फटींतली नुसती वाळू मात्र पहिल्या वळवातच वाहून गेली असती. आणि सासऱ्यांनी एकेक पारखून घेतलेल्या ५४ फरश्या उखडायच्या, हे सासूबाईंना सांगायचं कोणी?

शेवटी मी चुन्यावर आले. विझवलेल्या चुन्याची पूड अजून मिळते. १ भाग सिमेंट, १ भाग चुना आणि ६ भाग वाळू, हे प्रमाण बांधकामात जुनं आहे. सिमेंटामुळे माल लवकर धरतो. चुना हळूहळू हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घट्ट होतो आणि तोवर मालात थोडा लवचीकपणा ठेवतो. आमचे गवंडीमामा हसले. "बाई, चुना आता कोण वापरतंय?" मी म्हटलं, "मामा, तुमचे वडील वापरायचे का?" त्यावर ते गप्प झाले आणि मग स्वतःच सांगायला लागले की चुना आदल्या रात्री भिजवावा, सकाळी लोण्यासारखा होतो. म्हणजे माहीत होतं सगळं!

मामांनी एक अख्खं, ५० किलोचं सिमेंटचं पोतं सांगितलं होतं. मी वह्या तपासता तपासता मागच्या पानावर हिशेब मांडला. फरश्यांच्या मधल्या दरजा आडव्या-उभ्या मिळून १८६ फूट. सरासरी अर्धा इंच रुंद, एक इंच खोल. सगळा माल १८-२० लिटर, म्हणजे जेमतेम दोन घमेली! त्यात सिमेंट ५ किलोच्या आसपास. तुम्हीही लांबी, रुंदी आणि खोली यांचा गुणाकार करून बघा. माल स्वस्तच असतो, पैसे मजुरीचे जातात. म्हणून साफसफाईचं काम मी, माझी मुलगी आणि शेजारच्या काकू अशा तिघींनी घरीच केलं.

आणि खरं काम साफसफाईचंच असतं, बरं का. जुने पापुद्रे, माती, हरळीची मुळं असं सगळं इंचभर खोल खरवडावं लागतं. खुरपं, वाकवलेली सळई, करवतीचं जुनं पातं, शेवटी टूथब्रश. आम्हाला चार दुपारी लागल्या. हरळीचं एक मूळ राहिलं तरी ती वर येतेच. काकू म्हणाल्या की संडास धुण्याचं अॅसिड ओता, मिनिटात चकचकीत. मी तुटक्या फरशीचा तुकडा घेतला, खिळ्याने खरवडून त्याचा चुरा काढला आणि त्यावर लिंबू पिळलं. बारीक बुडबुडे आले. शहाबादी हा चुनखडीचा दगड. कोटाही त्याच जातीचा. आंबटाने तो खाल्ला जातो. सासूबाई उंबऱ्यातून म्हणाल्या, "ओट्यावर लोणच्याच्या बरणीचा गोल डाग कशाने पडलाय, तो बघ की." अॅसिडची बाटली काकूंच्या घरी परत गेली.

दोन फरश्या खचल्या होत्या, त्या आधी उचलून मुरूम घालून पातळीत घेतल्या आणि पाण्याचा ढाळ घराकडून फाटकाकडे आहे ना, ते बादलीभर पाणी ओतून पाहिलं. ढाळ चुकीचा असेल तर दरजा सोन्याने भरल्या तरी पाणी भिंतीशीच साचणार.

वेळ मी मुद्दाम जानेवारीची धरली होती. २०२४ची संक्रांत झाली आणि काम सुरू केलं. मे महिन्यात जमीन पुरती आक्रसलेली असते, श्रावणात पुरती फुगलेली. जानेवारीत ती मधल्या अवस्थेत असते. शिवाय ऊन मवाळ, त्यामुळे माल भराभर सुकत नाही. वाळू नदीची किंवा दगडाच्या चुऱ्याची चालते, पण धुतलेली आणि बारीक चाळणीने चाळलेली हवी. कोरडे जिन्नस आधी नीट एकत्र करून मग भिजवलेला चुना आणि थोडं थोडं पाणी. किती? मुठीत लाडू वळता यावा आणि तळहात ओला होऊ नये, इतपत. मामांना हे माप फार पटलं. एका वेळी पाऊण तासात संपेल एवढाच माल कालवावा. घट्ट झालेल्यात पुन्हा पाणी घालून तो जिवंत होत नाही. हातात रबरी मोजे हवेतच. चुना आणि सिमेंट दोन्ही कातडी जाळतात. डोळ्यात उडालं तर आधी भरपूर पाण्याने धुवायचं आणि डॉक्टरकडे जायचं.

दरज आधी ओली करायची, पण तिच्यात पाणी साचलेलं नको. मग माल दोन थरांत, अरुंद पट्टीने ठासून भरायचा. वरून नुसता सारवला तर खाली पोकळी राहते आणि मुंग्यांना आयतं घर मिळतं. फरशीच्या कडेपेक्षा दरज किंचित, नखाच्या जाडीएवढी खाली ठेवली. म्हणजे काठी अडकत नाही आणि दगडाची कडही झाकली जात नाही. फरशीवर सांडलेलं लगेच ओलसर गोणपाटाने पुसलं. नंतर सात दिवस ओली पोती अंथरून सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं.

दोन ठिकाणी मात्र हा माल घातला नाही. घराच्या भिंतीलगतच्या दरजेत तळाशी फोमची दोरी दाबून वर पॉलियुरेथेन सीलंट भरलं, कारण भिंत आणि अंगण एकत्र हलत नाहीत, आणि पाणी तिथेच आत जायला नको. याउलट फाटकाजवळच्या पारिजातकाभोवती नुसती जाड वाळू ठेवली. तिथे भिंत लांब आहे, आणि झाडालाही पाणी प्यायला नको का?

त्यानंतर दोन पावसाळे गेले. कोठीची ओल पुष्कळ कमी झाली, पूर्ण गेली असं म्हणणार नाही. पहिल्या मे महिन्यात तीन जागी केसासारख्या चिरा आल्या. चुन्यात बारीक वाळू कालवून मी त्या बोटाने बुजवल्या, मामांना बोलवावं लागलं नाही. सासूबाईंनी पहिले काही दिवस काठीने प्रत्येक दरज ठोकून पाहिली, अगदी मडकं पारखून घेतात तशी. मग एका सकाळी तांब्या माझ्या हातातून काढून घेतला. सडा अजून मीच घालते, पण रांगोळीच्या रेघा कुठे चुकल्या हे सांगायला त्या आता वृंदावनाशी उभ्या असतात.

उरलेला चुना झाकणाच्या डब्यात, वर चार बोटं पाणी ठेवून जपलाय. असा तो कित्येक महिने चांगला राहतो. डब्यावर मुलीकडून ठळक अक्षरांत 'खायचा नाही' असं लिहून घेतलंय, कारण आमच्याकडे जेवणानंतर पान खाणाऱ्या पाहुण्यांची कमी नाही.