आपाचं मशीन

आपाने घरी डीटीपीचं काम सुरू केलं ते २०११ साली. लेकीला घेऊन ती माहेरी परत आली, त्याला तेव्हा दीड वर्ष होत आलं होतं. मोबाइल आल्यापासून अब्बांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान बसत चाललं होतं आणि मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो. घरात नेमाने पैसा यायचा तो आपाच्या लग्नपत्रिकांचा, म्हणजे आमच्या भाषेत शादीच्या रुक्क्यांचा. सोलापुरात एकाच घरच्या पत्रिकेला उर्दू लागतं, मराठी लागतं, कधी कन्नडही. उर्दू इनपेजमध्ये, मराठी श्री-लिपीमध्ये टाइप करायचं, सगळं कोरलड्रॉमध्ये आणून बसवायचं, बटर प्रिंट काढायची आणि प्रेसवाल्याकडे पोचवायची.

कॉम्प्युटर सेकंडहँड होता. एका ऑफिसने काढून टाकलेला, कंपनीतूनच तयार जोडून आलेला डबा. आत इंटेलचा कोअर टू ड्युओ ई-४३०० प्रोसेसर, वेग १.८ गिगाहर्ट्झ, रॅम एक जीबी, वर विंडोज एक्सपी. आपाची एकच तक्रार असायची. “फोटो असलेली फाईल उघडली की आत कुरकुर सुरू होते, माऊससुद्धा हलत नाही. कुरकुर थांबली की परत चालतं.” ती हे मला निदान पाच-सहा वेळा म्हणाली असेल. मी त्यातून एवढंच ऐकलं की मशीन हळू आहे.

आणि हळू मशीन वेगवान कसं करायचं हे मला नुकतंच कळलं होतं. प्रोसेसरचा वेग म्हणजे साधा गुणाकार. मदरबोर्डवरचं घड्याळ २०० मेगाहर्ट्झचा ठोका देतं, प्रोसेसर त्याला नऊने गुणतो, झाले १८००. नऊचा आकडा कुलूपबंद असतो, तो वाढवता येत नाही. पण ठोकाच वाढवला तर? याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर आला होता. लोकांनी त्याचा ठोका ६६वरून १००वर नेला आणि ३०० मेगाहर्ट्झची चीज ४५०वर पळवली. फुकटात दीडपट! हे वाचून माझी झोपच उडाली होती.

स्वतः जोडलेल्या मशीनमध्ये हे आकडे बायोसमध्ये बदलता येतात. तयार डब्यात कंपनी ती पानंच ठेवत नाही. ऑफिसात शंभर मशीन देणाऱ्याला कुणी आत हात घातलेला परवडत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही, हे आज कळतं. दोन वाटा उरतात. प्रोसेसरच्या पोटाशी जे सोनेरी ठिपके असतात, त्यातले काही बोर्डाला सांगतात की मला किती ठोका हवा. त्यातला एक वीजवाहक टेपच्या कणभर तुकड्याने ग्राउंडच्या ठिपक्याशी जोडला की बोर्ड फसतो आणि २६६ देतो. मी ते करून पाहिलं. पंखा फिरला, स्क्रीन काळाच राहिला. टेप काढली, मशीन परत जिवंत झालं, तेव्हा कुठे माझा श्वास सुटला.

दुसरी वाट सेटएफएसबी नावाच्या छोट्या प्रोग्रॅमची. तो विंडोजमधूनच घड्याळाच्या चिपला हुकूम देतो, मात्र चिपचा नंबर त्याला सांगावा लागतो. तो बोर्डावर इतका बारीक छापलेला की मी अब्बांचं डोळ्याला लावायचं भिंग मागितलं. अब्बाही वाकून पाहू लागले. चिपशेजारी चांदीच्या रंगाची छोटी डबी होती. “हे तर क्वार्ट्झ,” ते म्हणाले, आणि खरंच ते होतं. मनगटी घड्याळातलं सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतं, हे एक कोटी ४३ लाखांच्या वर. मी काय करणार आहे ते ऐकून त्यांनी भिंग परत घेतलं. “गिऱ्हाईक मागे पडणारं घड्याळ घेऊन येतं तसं पुढे पळणारंही घेऊन येतं. दोन्हीची दुरुस्ती सारखीच लागते.” मी हसलो होतो.

आपा झोपल्यावर रात्री मी ठोका दहा-दहाने चढवत २४०वर नेला. २१६० मेगाहर्ट्झ. प्राइम९५ नावाचा प्रोग्रॅम प्रोसेसरला अवघड गणितं घालतो आणि उत्तरं पडताळतो. तो दिवसभर चालवायचा असतो. मी वीस मिनिटं चालवला, कारण लोडशेडिंग होतं आणि मला घाई होती. त्यातही प्रोसेसरचीच परीक्षा घेतली, रॅमची नाही. आणि इथेच मी फसलो. ठोका वाढला की रॅमही त्याच पटीत पळते. ६६७ची रॅम आता ८००वर धावत होती आणि ते मी तपासलंच नव्हतं. पुढे रोज मशीन सुरू झालं की प्रोग्रॅम आपोआप चालेल अशी सोय करून ठेवली. आपाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाली असती, “मेरे मशीन को हात मत लगा.”

मे महिना होता, निकाहांचा हंगाम. आमच्या पत्र्याखालच्या खोलीत दुपारी तीनला काय तापतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. रात्रीच्या गारव्यात पास झालेलं मशीन पाचव्या दुपारी निळा स्क्रीन दाखवून बंद पडलं. परत सुरू केलं तर चारशे पत्रिकांच्या कामाची फाईल उघडेना. पेन ड्राइव्हवरची कॉपीही उघडेना. रॅम चुकली की मशीन ओरडतंच असं नाही, चुकीचं तेच बरोबर म्हणून लिहून ठेवतं, आणि आपण त्याची कॉपी काढून ठेवतो.

संध्याकाळी गिऱ्हाईक दारात. मी आत पाणी पीत होतो. आपा म्हणाली, “माफ करा भाई, माझ्याकडूनच काहीतरी चुकलं. सकाळी देते. बिलात सहाशे कमी द्या.” ती रात्रभर बसली. मंजूर झालेलं कागदी प्रूफ शेजारी ठेवून एकेक नाव पुन्हा टाइप केलं. फजरच्या अजानपर्यंत बटर प्रिंट निघाली.

मध्यरात्री मी तिला सगळं सांगितलं. ठोका आधीच २००वर आणून ठेवला होता. ती टाइप करताना थांबली नाही. फक्त विचारलं, “आता परत जाणार नाही ना?” मग थोड्या वेळाने म्हणाली, “मी कुरकुरीचं सांगत होते. तू ऐकलं होतंस का?”

दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा मी तिच्या शेजारी बसलो आणि तिला फोटोची फाईल उघडायला सांगितली. कुरकुर सुरू झाली. हार्ड डिस्क! टास्क मॅनेजरमध्ये पाहिलं तर एक जीबीच्या मशीनवर पावणेदोन जीबीचा भार. रॅममध्ये मावेना ते विंडोज डिस्कवर टाकत होतं आणि परत उचलत होतं. प्रोसेसर बिचारा बहुतेक वेळ रिकामाच बसलेला. माझ्या सगळ्या करामतीनंतर ती फाईल सत्तर सेकंदांऐवजी सहासष्ट सेकंदांत उघडत होती. जुन्या बाजारातून साडेसातशेला एक जीबीची पट्टी आणून बसवली, तर वीस सेकंद.

आपाने फाईल दोनदा बंद करून उघडली, कान डब्याजवळ नेला. काही बोलली नाही. बिलबुक काढलं, त्या पत्रिकेच्या पानावर सहाशेच्या आकड्यापुढे माझं नाव लिहिलं आणि माझ्यासमोर धरलं. मी दोन हप्त्यांत फेडले.