अँटवर्पमधील तीन रात्री

हिरे-व्यवसायामुळे बेल्जियममधील अँटवर्प हे नाव आपल्या समाजात घरोघरी ठाऊक आहे. चिरंजीव तेथे नोकरीस लागल्यापासून आम्हा उभयतांना त्याचे आग्रहाचे निमंत्रण होते. गतवर्षी जूनमध्ये तो योग आला. त्याची खोली लहान, म्हणून आमच्या पहिल्या तीन रात्रींसाठी त्याने स्वतःच्या पगारातून ‘बोटॅनिक सँक्चुअरी’ या पंचतारांकित हॉटेलात व्यवस्था केली होती. एका रात्रीचे भाडे ऐकल्यावर मी गप्प झालो. दहा वर्षांपूर्वी मी परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतले आहे. दुसऱ्याच्या पैशाने भोगलेले सुख त्या मर्यादेत धरावे की नाही, असा पेच मनात उभा राहिला. नाही म्हणावे, तर मुलाचे मन मोडते. सौभाग्यवती हळूच म्हणाली, “त्याला पहिल्यांदाच आपल्यासाठी काही करावेसे वाटले आहे. भाड्याचा आकडा पुन्हा विचारू नका.”

हॉटेल जुन्या शहराच्या मध्यभागी आहे. बाहेरून पाहता डामडौल मुळीच नाही. विटांच्या जुन्या भिंती, कमानी, आतील शांत चौक आणि एक प्रार्थनामंदिर. खोलीत मात्र सुखसोयींची कमतरता नव्हती. सायंकाळी अंगणात बसलो असता मुलाने त्या जागेचा इतिहास सांगितला. संत एलिझाबेथ यांच्या नावाचे रुग्णालय इ.स. १२३८ मध्ये येथे आले. ऑगस्टिनियन पंथाच्या साध्वी दीनदुबळ्या रुग्णांची शुश्रूषा करीत. शतकानुशतके ज्या आवारात निराधारांना अंथरूण मिळाले, तेथेच २०२२ पासून हे हॉटेल चालते. शेजारीच वनस्पती-उद्यान आहे. रुग्णालयाला लागणाऱ्या औषधी वनस्पती तेथे लावल्या जात. आजच्या उद्यानाची मांडणी १८२५ च्या सुमाराची. सोळाव्या शतकातील औषधशास्त्रज्ञ पीटर व्हान कौडेनबर्ग यांचा पुतळा तेथे उभा आहे.

हे ऐकून मी बराच वेळ बोललो नाही. आहार, औषध, अभय आणि ज्ञान ही चार दाने आपण लहानपणापासून ऐकत आलो. औषधदानाच्या एवढ्या जुन्या स्थानी मी पाहुणा म्हणून, तेही मऊ गादीवर, झोपणार होतो.

प्रवासास निघणाऱ्या वाचकांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. युरोपातील उंची हॉटेलांत दुलई व उशा पुष्कळदा पक्ष्यांच्या पिसांनी भरलेल्या असतात. आम्ही आधीच पत्र लिहून कळविले होते, म्हणून कृत्रिम तंतूंच्या दुलया मिळाल्या. बेल्जियमचे तळलेले बटाटे प्रसिद्ध आहेत. कंदमूळ म्हणून ते आपल्याला वर्ज्यच. परंतु परंपरेने ते गोवंशाच्या चरबीत तळले जातात, हे बटाटा खाणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे. वॉफलमध्ये अंडे असते. काही चीज वासराच्या पोटातील रेनेट घालून बनते. यास्तव ‘शाकाहारी’ एवढा एकच शब्द पुरत नाही. काय चालत नाही त्याची यादी तेथील भाषेत लिहून द्यावी. आमची यादी पाहून स्वयंपाकघरातील तरुण स्वतः बाहेर आला आणि कांदा-लसूण वगळण्यामागील कारण त्याने आदराने विचारले. मिठाशिवाय काही न घातलेली वाफवलेली भाजी, भात आणि फळे यांवर आमचे सुखाने भागले.

चौविहाराचा अनुभव वेगळाच. जूनमध्ये तेथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे घाई नव्हती. मुलगा हसून म्हणाला, “बाबा, डिसेंबरात या. पावणेपाचच्या आतच सूर्य मावळतो आणि मी कचेरीतच असतो. तेव्हा डबा कचेरीत उघडावा लागतो.” तो चौविहार पाळतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते. फोनवर मी नेहमी पगार, दर आणि तब्येत एवढेच विचारीत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी त्याने शहर दाखविले. १९०५ मध्ये खुले झालेले मध्यवर्ती रेल्वे स्थानक राजवाड्यासारखे भव्य आहे. त्याच्या लगतच होवेनियर्सस्ट्राट ही हिरेबाजाराची गल्ली. गल्ली साधी, पण पहारा कडक. पुढे जुनी व्यापारी पेढी पाहिली. १५३१ मध्ये उभारलेली ही इमारत १८५८ मध्ये आगीत भस्मसात झाली आणि १८७२ मध्ये पुन्हा उभी राहिली. सोळाव्या शतकात हे शहर युरोपच्या व्यापाराचे केंद्र होते. १५८५ मध्ये स्पॅनिश सैन्याने ते जिंकले, शेल्ड नदीचा जलमार्ग डच लोकांनी अडविला आणि अनेक व्यापारी अ‍ॅमस्टरडॅमकडे निघून गेले. बाजारपेठेचे वैभव किती क्षणभंगुर असते, हे व्यापाऱ्याला याहून निराळे सांगावे लागत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी विलरेक उपनगरातील जिनमंदिरात दर्शन घेतले. भारतात कोरलेल्या शुभ्र संगमरवराचे हे मंदिर २०१० मध्ये प्रतिष्ठित झाले. पार्श्वनाथ भगवंतांसमोर मुलगा डोळे मिटून बसला होता. तो परदेशात हरवेल, ही आठ वर्षांची माझी भीती तेथे बरीचशी ओसरली.

परतताना मी त्याला म्हटले, “हॉटेल सुंदर होते. पण जेवढे भाडे तू दिलेस, तेवढी रक्कम मी आपल्या गावच्या दवाखान्यात गरिबांच्या औषधांसाठी देणार आहे.” तो क्षणभर थांबून म्हणाला, “निम्मी माझी धरा.”

वहीत त्या रकमेची नोंद केली. जमा आणि खर्च या दोन्ही बाजू जुळल्या, असे मी म्हणणार नाही. तीन रात्रींचे सुख मी भोगलेच आहे. तथापि ज्या भिंतींनी एकेकाळी रुग्णांना आश्रय दिला, त्या भिंतींचे काही देणे आपल्यावर राहते, एवढे समजले. पुढील वर्षी डिसेंबरात जाण्याचा विचार आहे. या वेळी त्याच्या लहान खोलीत राहू आणि सायंकाळचा डबा सौभाग्यवती करून देईल.