वय किती?

१०८ च्या ॲम्ब्युलन्सवर डॉक्टर म्हणून काम करताना माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: वय किती?

तान्ह्या बाळाचा श्वास मिनिटाला चाळीसच्या घरात असतो, ते नॉर्मलच. तोच आकडा मोठ्या माणसात दिसला की मी धावपळ सुरू करते. बाळाची नाडी मनगटावर शोधत बसू नये, दंडाच्या आतल्या बाजूला बोटं टेकवावीत. आणि मुलं फार फसवतात. जुलाबांनी अंगातलं पाणी संपत आलेलं असतं, तरी रक्तदाब टिकून राहतो, आणि कोसळतो तो एकदमच. म्हणून मी मशीनआधी मूल पाहते: रडताना डोळ्यांत पाणी येतंय का, हातपाय गार पडलेत का, आईकडे बघतंय का.

दिवस भरत आलेल्या बाईला उताणी झोपवत नाही, डाव्या कुशीवर वळवते. गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडला की रक्तदाब उतरतो.

खरी कसोटी म्हातारपणाची. काल एक आजी म्हणत होत्या, "काही नाही गं, जरा दम लागलाय." छातीत दुखत नव्हतं. ईसीजीत मात्र हार्ट अटॅक स्पष्ट दिसत होता. उतारवयात, त्यातून मधुमेह असला तर, हे असं होतं. बीपीच्या काही गोळ्या नाडीही वाढू देत नाहीत, मग आतला रक्तस्राव लवकर लक्षात येत नाही. आणि कोणती गोळी चालू आहे, हे घरात कुणालाच ठाऊक नसतं! सून डबे हुडकते, मुलगा फोन लावत बसतो. जीव तुटतो.

घरातल्या ज्येष्ठांच्या औषधांची यादी आजच मोठ्या अक्षरांत लिहा आणि फ्रिजच्या दारावर लावा.