पावनखिंडीची वाट आणि अण्णांची तहान

आमच्या आटपाडीत आषाढ हा आभाळाकडे पाहत बसण्याचा महिना. ढग येतात, पण ते भरलेले नसतात. सह्याद्रीच्या माथ्यावर सारे रिते करून मग ते आमच्याकडे नुसती सावली घेऊन येतात. बहुतेक वर्षी येथे पाचशे मिलिमीटरही पाऊस होत नाही. टेंभू योजनेमुळे कृष्णेचे पाणी तालुक्यात आले, डाळिंबाच्या बागा हिरव्या झाल्या, हे खरे. परंतु ज्यांचे बालपण घागरीच्या रांगेत गेले त्यांच्या अंगातून दुष्काळ जात नाही. माझे थोरले बंधू अण्णा हे अशांपैकीच एक. पाणी पिऊन झाल्यावर तांब्यात घोटभर उरले तर ते आजही तुळशीला घालतात, मोरीत ओतत नाहीत.

अण्णा अडुसष्ट वर्षांचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. चौथीच्या इतिहासात बाजीप्रभूंचा धडा त्यांनी पस्तीस वर्षे शिकवला. धडा शिकवताना त्यांचा गळा दाटून येई, हे त्यांचे विद्यार्थी आजही माझ्या दवाखान्यात येऊन सांगतात. मात्र ती खिंड त्यांनी पाहिली नव्हती. गेल्या वर्षी ज्येष्ठात ते दवाखान्यात येऊन बसले आणि म्हणाले, "गुडघे हायत तोवर पन्हाळ्यावरनं पावनखिंडीपर्यंत चालत जायचंय. तू डॉक्टर म्हणून सांगू नको, भाऊ म्हणून सांग." भाऊ म्हणून मला नाही म्हणता आले नाही. डॉक्टर म्हणून म्हणायला हवे होते का, या प्रश्नाचे उत्तर मी अजून शोधतो आहे.

ही वाट वाचकांपैकी अनेकांनी ऐकलेली असेल. सिद्दी जौहरचा वेढा पडलेल्या पन्हाळ्यावरून १२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज निसटले आणि विशाळगडाकडे निघाले. शिवा काशिदांनी महाराजांचा वेष घेऊन शत्रूला गुंतवले, घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदल मावळ्यांनी पाठलाग अडवून धरला, आणि ती खिंड पावनखिंड झाली. आज आषाढात शेकडो लोक ती वाट पायी चालतात. पन्हाळा ते पावनखिंड हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास भरते. बहुतेक जण ते दोन दिवसांत चालतात. काही धावपटू एका दिवसात पुरे करतात. वाट सह्याद्रीच्या कण्याकडे सरकत जाते, आणि शेवटी शेवटी रान इतके दाट नि ओले होते की पलीकडे कोकण आहे हे न सांगता कळते.

तयारीत मी कसूर केली नाही, असे तेव्हा मला वाटत होते. सहा आठवडे अण्णा पहाटे खरसुंडीच्या रस्त्याने चालले. पाठीवर चार किलो ओझे घेऊन टेकडी चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव अधिक करवला, कारण उतारावर गुडघ्यावर येणारा भार चढणीपेक्षा बराच जास्त असतो आणि घसरून पडणारे बहुधा उतारावरच पडतात. हृदयाचा आलेख काढला, साखर तपासली. दोन काठ्या, पकड असलेले बूट, गुडघ्याचे पट्टे, शिट्टी, विजेरी, कोरड्या कपड्यांची प्लास्टिकमध्ये बांधलेली जोडी हे सगळे घेतले. अण्णांनी आपल्या माणदेशी लोकरीची घोंगडी घेतली. मी रेनकोटचा आग्रह धरला, तर म्हणाले, "तुझा कागद फाटंल, ही फाटायची नाही." या बाबतीत त्यांचेच खरे ठरले. लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही, आणि म्हातारपणी ओल्या अंगाला वारा लागणे ही साधी गोष्ट नव्हे.

पहाटे राजदिंडीने गड उतरलो. आम्ही पाच जण होतो : अण्णा, मी, माझे दोन तरुण भाचे आणि पन्हाळ्याखालच्या गावातला एक वाटाड्या मुलगा. तुरुकवाडी, म्हाळुंगे मागे टाकून मसाई पठारावर आलो आणि जग नाहीसे झाले. हे पठार जांभ्याचे, विस्तीर्ण, जवळजवळ सपाट. पावसाळ्यात त्यावर असे धुके बसते की दहा पावलांवरचा माणूस आवाजानेच ओळखावा. सपाटीवर वाट चुकणे दरीत चुकण्यापेक्षा सोपे असते. दरीत निदान खाली आणि वर तरी असते. भाच्याच्या मोबाईलवर नकाशा होता, परंतु पावसाचे थेंब पडद्यावर पडून बोट कुठेच लागेना. वाटाड्या मुलाची रीत मात्र साधी होती. जिथवर खात्री आहे, त्या खुणेपाशी सगळ्यांनी थांबायचे. एकट्याने हाकेच्या अंतरापर्यंत पुढे जायचे, पुढची खूण सापडली की हाळी द्यायची, मग बाकीच्यांनी निघायचे. खुणा म्हणजे दगडावरचा रंगाचा बाण, मसाईच्या देवळाची दिशा, चरायला गेलेल्या म्हशींच्या खुरांनी पडलेली चाकोरी. अशा रीतीने तासाभराच्या वाटेला आम्हांला दोन तास लागले.

त्या दोन तासांत अण्णा तीनदा आडोशाला गेले. पठारावर आडोसा तरी कुठला? धुके हाच आडोसा. तिसऱ्या वेळी मी घड्याळाकडे पाहिले. एक शब्दही बोललो नाही, फक्त मनगट वळवून पाहिले.

पठार उतरल्यावर कुंभारवाडी, खोतवाडी, आणि मग रानाचा नि शेताचा आळीपाळीने येणारा पट्टा सुरू झाला. शेतांत रोपलावण चालली होती. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका आम्हांला पाहून हसत होत्या, आणि सत्तरीच्या एक आजी अण्णांना म्हणाल्या, "पावणं, सुट्टीला आलायसा की शिक्षेला?" बांधावरून चालताना अण्णांचा तोल माझ्यापेक्षा चांगला होता. रानात शिरल्यावर जळवा लागल्या. वाचकांसाठी एवढेच सांगतो : जळू ओढून काढू नये, नखाने तिच्या तोंडाशी सरकवून सोडवावी, जागा धुवावी. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो, त्यामुळे रक्त बराच वेळ झिरपते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आणखी जास्त वेळ. घट्ट पट्टी बांधली की थांबते.

मुक्काम एका वाडीतल्या घरी केला. गरम पाण्याने पाय धुतले, पिठलंभात जेवलो. अण्णांचा उत्साह उतू जात होता. त्या घरातल्या मुलांना त्यांनी तोच धडा पुन्हा सांगितला. मुलांना तो पाठच होता, पण त्यांनी तसे दाखवले नाही. मी समाधानाने झोपलो. अण्णांची पाण्याची बाटली दिवसभरात एकदाही भरून घ्यावी लागली नाही, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबलाच नाही. पाटेवाडीच्या पुढे वाट दाट झाडीत शिरते. मुळ्यांवर शेवाळ, पायाखाली तांबडा चिखल, आणि दर काही पावलांवर एक ओढा. ओढा ओलांडताना आम्ही पाण्याचा रंग पाहत होतो. पाणी नितळ असेल तर काठीने खोली बघून जायचे. गढूळ होऊन पालापाचोळा आणू लागले की वर कुठेतरी जोर वाढला आहे असे समजून थांबायचे. एका ओढ्यापाशी आम्ही अर्धा तास थांबलो. अण्णा दगडावर बसले होते. उठताना त्यांनी माझा खांदा धरला. त्यांनी माझा आधार घ्यावा, हे माझ्या आठवणीत पहिल्यांदाच घडले.

सुकामाचा धनगरवाडा जवळ आला तेव्हा ते गप्प झाले. थोड्या वेळाने त्यांनी मला विचारले, "आटपाडीची यष्टी किती वाजता हाय?" मी थट्टा समजलो. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि समजले की ही थट्टा नव्हे.

आम्ही त्यांना जवळच्या धनगराच्या घरात नेले. नाडी मिनिटाला ११२. बसून रक्तदाब १०४ वर ६४. उभे करताच वरचा आकडा ८२ वर आला आणि डोळ्यांपुढे अंधारी. जीभ लाकडासारखी कोरडी. बाहेर छपरावरून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, आणि आत दुष्काळी तालुक्यातला माझा भाऊ पाण्यावाचून सुकलेला होता.

हे कसे घडले, ते सविस्तर लिहितो, कारण त्यातला मोठा वाटा माझा आहे. दोन महिन्यांपूर्वी अण्णांच्या रक्तदाबाच्या गोळीला जोड म्हणून लघवी वाढवणारी गोळी मीच सुरू केली होती. घरी ती योग्यच होती. सहलीच्या तयारीत मी गुडघे, हृदय, साखर, बूट सगळे पाहिले. ती गोळी पाहिली नाही. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. शरीराला पाणी हवे असते, पण मेंदूला तसा निरोप वेळेवर पोहोचत नाही. थंड, ओल्या हवेत तो निरोप आणखी क्षीण होतो. अण्णा अनेकदा पंढरीची वारी चालले आहेत, पण वारीत ऊन असते, घाम दिसतो, आणि दर पावलावर कोणीतरी पाण्याचा पेला पुढे करते. रानात घाम पावसात मिसळून जातो. त्यात आदल्या रात्री गुडघे ठणकू लागले म्हणून अण्णांनी खिशातली वेदनाशामक गोळी घेतली होती, सकाळी आणखी एक. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवीची गोळी आणि वेदनाशामक ही तीन औषधे शरीर कोरडे असताना एकत्र आली की मूत्रपिंडावर एकाच वेळी तिहेरी ताण पडतो. औषधांच्या दुकानातून सहज मिळते म्हणून आपल्याकडे वेदनाशामक गोळीला औषध मानतच नाहीत. विचारले तर ज्येष्ठ मंडळी "काही घेत नाही" असेच सांगतात. विचारताना "गुडघा दुखला तर काय घेता?" असे विचारावे.

त्या घरातल्या मावशींनी चुलीवरची भाताची पेज आणली, तीत मीठ घातले. मी पिशवीतले क्षारसंजीवनीचे पाकीट फोडणार होतो, पण पेज समोर होती, कोमट होती, आणि अण्णांना ती आवडत होती. तांदळाचे पिष्ट आणि मीठ एकत्र मिळाले की आतड्यातून पाणी चांगले शोषले जाते, हे शास्त्राने आता मान्य केले आहे. ज्यांच्याजवळ पाकीट नाही त्यांनी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे, चमचा चहाचाच असावा. पाय उंच करून त्यांना निजवले, घोंगडी पांघरली, आणि दर दोन मिनिटांनी दोन घोट असे तासभर पाजले. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा जुना विकार आहे त्यांच्यासाठी पाण्याचे प्रमाण वेगळे असते; ते निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. लघवीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, पण "दोन दिवस चालणार आहे, हिचे काय करू?" हे अवश्य विचारावे.

तासाभराने अण्णांच्या डोळ्यांत ओळख परतली. मी विचारले, "अण्णा, पाणी का प्यायला नाहीत?"

ते छपराकडे पाहत म्हणाले, "पठारावर तुम्ही सगळी धुक्यात माझ्यासाठी उभी. प्यायलं की जावं लागतं. म्हटलं, कशाला खोळंबा."

मावशी चुलीपाशी काहीतरी हलवत होत्या. माझे भाचे बाहेर पाऊस बघत होते. मी अण्णांच्या पायाला लागलेली एक जळू सोडवली.

पुढची वाट चालायची नाही हे ठरवायला वेळ लागला नाही. ते अण्णांना सांगायला लागला. त्यांनी वाद घातला नाही. मावशींशी मेंढरांविषयी बोलत बसले. तिकडचे धनगर गुरे-म्हशी राखणारे, आमच्याकडचे मेंढपाळ, पण दोघांनाही घोंगडीची पारख सारखीच. मावशींनी ती उलटसुलट करून पाहिली आणि मोल विचारले. पुढच्या गावाचे नाव म्हसवडे आहे हे ऐकून अण्णा हसले. म्हणाले, "बघ, आपल्या म्हसवडला पाणी न्हाई म्हणून इथं येऊन ऱ्हायलेलं दिसतंय."

दुपारी पाऊस उघडला तेव्हा एका भाच्याने आणि वाटाड्याने खाली जाऊन जीप आणली. पांढरेपाण्यावरून पावनखिंडीपर्यंत आम्ही गाडीने गेलो. खिंडीत उतरायला पायऱ्या आहेत. त्या ओल्या होत्या. अण्णा वरच्या कठड्यापाशी उभे राहिले, एक हात माझ्या खांद्यावर. खाली अरुंद घळ, तिच्यातून धावणारे पाणी आणि भाच्यांच्या रंगीत टोप्या. त्यांनी घळीची रुंदी डोळ्यांनी मोजली. "वर्गात मी ही खिंड हात पसरून दाखवायचो," ते म्हणाले. "जरा जास्तच पसरत होतो."

आठवड्यानंतर तपासलेले क्रिएटिनीन थोडे वाढलेले आले, आणखी तीन आठवड्यांनी पूर्ववत झाले. गोळ्यांची फेररचना केली. वहिनींनी मला जे सुनावले ते येथे लिहिण्याजोगे नाही.

परतताना भिवघाटाच्या पुढे पाऊस संपला, रस्ता कोरडा झाला, बाभळी दिसू लागल्या. अण्णांनी बाटलीतले उरलेले पाणी पिऊन संपवले आणि म्हणाले, "गाडी बाजूला घे जरा." मी गाडी थांबवली. ते काठी टेकत बाभळीकडे गेले. बराच वेळ लागला. मी इंजिन बंद केले.