बार्शीची वाट

बार्शीचे नाव काढले की जुन्या मंडळींना प्रथम आठवते ती तिथली चिमुकली आगगाडी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियराने कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांवर ती १८९७ साली सुरू केली. चालत्या गाडीतून उतरावे, बांधावरची बोरे तोडावी आणि मागच्या डब्यात चढावे, असे विनोद ‘बार्शी लाईट’वर होत. २००८ साली तिथे रुंद रूळ आले आणि ते विनोदही जुने झाले.

यंदा श्रावणात मी बार्शीला गेलो, तो मात्र हौसेने नव्हे. करमाळ्याला राहणाऱ्या आमच्या थोरल्या ताईला गर्भाशयमुखाचा कर्करोग निघाला होता. नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात तिचे किरणोपचार चालू होते. आठवड्यातून पाच दिवस, पाच आठवडे. शेवटच्या पंधरवड्यात मी तिच्या सोबतीला निघालो.

पुण्याहून निघालेली गाडी केडगावावरून जाते. आम्ही ख्रिस्ती, त्यामुळे ते स्टेशन आले की पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनकडे मान आपोआप वळते. इब्री आणि ग्रीक शिकून, साध्यासुध्या बायकांना समजेल अशा मराठीत बाईंनी एकटीने सारे बायबल उतरवले. सतरा-अठरा वर्षे त्यात गेली. आश्रमातल्या बायकांनीच खिळे जुळवले. १९२१ साली मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. १९२२च्या एप्रिलात बाई गेल्या आणि छापलेला ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. मराठीचा मास्तर म्हणून त्या भाषेला मी वर्गात नावे ठेवली आहेत. काही वाक्ये मूळ भाषांच्या मागे फरपटत जातात. पण त्या दिवशी खिडकीशी बसून मला एवढेच सुचले, की पुस्तक हातात येईल असे बाईंना कुणी लिहून दिले होते?

मला तर सारे लिहून हवे होते. माझी प्रार्थना म्हणजे वरिष्ठांना धाडलेले स्मरणपत्रच! डॉक्टर दिसले की मी विचारी, “गुण आहे ना?” ते शांतपणे म्हणत, “उपचार पुरे होऊ द्या.”

त्यांना घाई करायचे कारणच नव्हते. याच रुग्णालयाने मुंबईच्या टाटा रुग्णालयाबरोबर शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली गावोगाव बायकांची तपासणी सुरू केली. सव्वा लाखाहून अधिक बायका, आणि मग आठ वर्षे नोंदी. विषाणूची एकदाच केलेली चाचणी या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणते, हे २००९ साली जगापुढे मांडता आले.

ताईशेजारच्या खाटेवर परंड्याकडच्या एक मावशी होत्या. माझ्या येरझाऱ्या पाहून म्हणाल्या, “दादा, जरा भगवंताला जाऊन या. हितं पाय झिजवून काय व्हनार?”

“मावशी, आम्ही ख्रिस्ती.”

“मग बगायला जावा की!”

गेलो. बार्शीचा भगवंत अंबरीष राजाचा म्हणून ओळखला जातो. एकादशीचे पारणे सोडण्याआधी राजा दुर्वासांची वाट पाहत थांबला, ही कथा शाळेत ऐकली होती. पुढचा भाग मी विसरलो होतो. सुदर्शनचक्र मागे लागले तेव्हा दुर्वास पळाले. ते परत येईपर्यंत वर्षभर राजा अन्नावाचून, नुसत्या पाण्यावर थांबला. शाप द्यायला आलेल्यासाठी थांबला! देवळाच्या ओवरीत मी बराच वेळ बसलो. प्रार्थना माझ्याच देवाची केली. पण त्या दिवशी तीत तारीख घातली नाही.

परतलो तर ताई मावशींच्या नातीला बाराखडी गिरवायला लावत होती. तीस वर्षे शाळा केलेली बाई. पाटीवरचा हात सोडवत नव्हता.

“ताई, तुला धास्ती वाटत नाही?”

“वाटते रे. रात्री वाटते. दिवसा ही पोरगी असते.”

उपचार संपले. डॉक्टर म्हणाले, गुण किती आला ते तीन महिन्यांनी कळेल. मधे पाहून उपयोग नाही. मी चटकन बोटांवर हिशेब केला. ताईने विचारले, तेव्हा ज्वारी केवढी असेल? मावशींनी गुडघ्यापाशी हात धरून दाखवला.

तारीख दिवाळीनंतरची आहे. ताईने करंज्यांचे सारण भाजायला घेतल्याचे काल फोनवर सांगितले. मावशींच्या नातीसाठी वेगळा डबा भरणार आहे; त्यांनाही त्याच दिवशी बोलावले आहे.